ॲव्हरेज किती देते? पेट्रोलचा भाव, करांची सूत्रं आणि आपल्या गाड्यांचे आकार

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली "म्हणजे"ची गर्दी कमी केली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग सुरू झाला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. २०२२ च्या जून महिन्यात त्याने मेसेज टाकला : "गॅस फार महागलाय, टाकी भरायला जीवावर येतं." यावर मावशीचं उत्तर : "मग दुसरी एजन्सी बघ की, आमच्या इथे सिलिंडर दोन दिवसांत येतो." तिकडे पेट्रोलला गॅस म्हणतात हे मावशीला समजावण्यात अर्धा तास गेला. मग मूळ मुद्द्यावर वाद पेटला. महाग म्हणजे किती महाग? आणि कोणाला?

मी मूळचा परभणीचा. पेट्रोलच्या भावाचा विषय निघाला की परभणीकर गप्प बसत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये देशातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून आमच्या गावाचं नाव बातम्यांत होतं. कारण साधं होतं. आमच्याकडे पेट्रोल येतं मनमाडच्या डेपोतून, तीनशेच्या वर किलोमीटर टँकरने, आणि ते भाडं लिटरमागे आमच्याच डोक्यावर बसतं. त्यामुळे वाद मी सोडला नाही. इंजिनिअर माणूस, एक्सेल उघडलं.

आधी मोजमाप

पहिली अडचण एककांची. आपण म्हणतो "गाडी ॲव्हरेज किती देते?", म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर. जपानमध्येही असंच मोजतात. अमेरिकेत मोजतात एका गॅलनला किती मैल, आणि त्यांचा गॅलन ३.७८५ लिटरचा. इंग्लंडचा गॅलन त्याहून मोठा, ४.५४६ लिटरचा. गंमत म्हणजे तिथे पंपावर पेट्रोल लिटरने मिळतं, पण गप्पा अजून मैल-गॅलनमध्येच चालतात. युरोपात सगळं उलटं : १०० किलोमीटरला किती लिटर लागलं?

ही उलटी पद्धत ऐकायला विचित्र वाटते, पण हिशोबाला तीच खरी. एक उदाहरण घ्या. भावाने लिटरला ६ किलोमीटर देणारी गाडी विकून ९ देणारी घेतली. मी १८ देणारी विकून २४ देणारी घेतली. जास्त पेट्रोल कोणी वाचवलं? सगळे म्हणतील मी, सहाचा फरक आहे. आता हजार किलोमीटरचा हिशोब करा. भावाला आधी १६७ लिटर लागायचं, आता १११. वाचले ५६. मला आधी ५६ लागायचं, आता ४२. वाचले फक्त १४. म्हणजे त्याने माझ्या चौपट वाचवलं! ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात नेमकी हीच चूक दाखवून दिली होती. मैल-गॅलनचा आकडा माणसाला फसवतो. आपलं ॲव्हरेजही त्याच जातीचं आहे, हे लक्षात असू द्या.

आता भाव. १४ जून २०२२ ला अमेरिकेतला सरासरी भाव गॅलनला ५ डॉलरच्या थोडा वर गेला. तिथला तोवरचा सगळ्यात चढा आकडा. त्या दिवसांत डॉलर ७८ रुपयांच्या आसपास होता. भागाकार केला तर लिटरला साधारण १०३ रुपये. त्याच दिवशी मुंबईत पेट्रोल होतं १११ रुपये ३५ पैसे, आणि तेसुद्धा केंद्राने महिन्यापूर्वीच कर ८ रुपयांनी उतरवल्यानंतर. जर्मनीत तेव्हा दीडशे रुपयांच्या वर जात होतं. म्हणजे अमेरिकेचा विक्रमी भाव आपल्या रोजच्या भावापेक्षा कमी!

कच्चं तेल तर सगळ्यांना साधारण एकाच बाजारातून मिळतं. मग हा फरक कुठून आला? मुख्यतः करातून. अमेरिकेचा केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून तो एका सेंटनेही हललेला नाही. तेव्हाच्या दराने लिटरमागे चार रुपयेसुद्धा होत नाहीत. राज्यांचे कर धरले तरी एकूण दहा-बारा रुपये. आपल्याकडे कपातीनंतर नुसता केंद्राचा कर होता १९ रुपये ९० पैसे, आणि त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा.

इथवर ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालं. पण मला पुढचा प्रश्न सुटेना. कर वेगळे म्हणून भाव वेगळे, हे ठीक. पण गाड्या इतक्या वेगळ्या का? त्याचं उत्तर शोधत मी शंभर वर्षं मागे गेलो.

इंग्लंडचा एक पौंड आणि आपली अँबॅसेडर

१९२१ साली ब्रिटनने गाड्यांवर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर लावला. अश्वशक्ती मोजायची रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या जुन्या सूत्राने : सिलिंडरचा व्यास इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा, अडीचने भागा. पिस्टन किती लांब वर-खाली जातो, म्हणजे स्ट्रोक, तो या सूत्रात कुठेच नाही.

आता तुम्ही ब्रिटिश इंजिनिअर असता तर काय केलं असतं? बरोबर. सिलिंडर अरुंद करायचे आणि स्ट्रोक लांब. ताकद मिळते, कर वाचतो. अमेरिकेतून आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'चे सिलिंडर रुंद होते, तिचा कर बसला २३ पौंड. मॉरिस कंपनीची 'काउली' सुटली १२ पौंडांत. पुढची पंचवीस वर्षं तिथल्या बहुतेक इंजिनांना हेच वळण लागलं. कर १९४७ मध्ये गेला, पण कारखाने, साचे आणि इंजिनिअरांची सवय एका रात्रीत जात नाही.

पुढे मॉरिसची 'ऑक्सफर्ड' ही गाडी हिंदुस्तान मोटर्सने कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला बनवायला घेतली. तीच आपली अँबॅसेडर. तिच्यात अनेक वर्षं चाललेलं १४८९ सीसीचं इंजिन बघा : सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर, स्ट्रोक जवळजवळ ८९. जुन्या कराच्या जमान्याचं वळण तसंच्या तसं! लंडनमध्ये रद्द झालेल्या कराची खूण आपल्या सरकारी गाड्यांच्या बॉनेटखाली कित्येक दशकं धडधडत होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'लेगसी कोड' म्हणतो. लिहिणारा निघून गेला, गरज संपली, पण सिस्टिम अजून त्यावरच चालते.

जपानचा लहान डबा

युद्धात होरपळलेल्या जपानकडे तेल नव्हतं, रस्ते अरुंद होते आणि लोकांच्या खिशात पैसे नव्हते. १९४९ साली सरकारने छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग केला, 'केई'. अमुक लांबी, अमुक रुंदी, अमुक सीसीच्या आत राहा, कर कमी भरा. पन्नाशीच्या दशकात इंजिनाची मर्यादा ३६० सीसी ठरली. आपल्याकडच्या एका बुलेटच्या इंजिनाएवढंच जवळजवळ, आणि त्यात चार माणसं बसवायची! १९५५ ची 'सुझुलाइट' आणि १९५८ ची 'सुबारू ३६०' याच मर्यादेत बसवलेल्या. ही मर्यादा १९७६ मध्ये ५५० सीसी झाली आणि १९९० मध्ये ६६०. आजही तीच आहे.

१९७९ साली सुझुकीने या ५५० च्या वर्गात 'आल्टो' आणली. आणि इथे आपला धागा जुळतो. १९८२ मध्ये सुझुकीचा भारत सरकारच्या मारुती उद्योगाशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या 'मारुती ८००'ची किल्ली ग्राहकाच्या हातात दिली. ती गाडी याच आल्टोच्या घराण्यातली. इंजिन तेवढं मोठं, ७९६ सीसीचं. अंग मात्र जपानी कायद्याच्या मापाचं, रुंदी जेमतेम १.४ मीटर.

आमच्या घरीही सेकंडहँड मारुती ८०० होती. तुळजापूरला जाताना मागे आम्ही पाच जण असायचो, त्यात दोघं मांडीवर. खांदा आखडायचा, पाय मुंग्यांनी भरायचे. त्या सीटची रुंदी टोकियोतल्या एका कर-नियमाने ठरवली होती, हे मला तिशी जवळ आल्यावर कळलं.

अमेरिका : एक पळवाट

ऑक्टोबर १९७३. अरब-इस्रायल युद्धात अमेरिकेने इस्रायलला मदत केली म्हणून अरब देशांनी तेल रोखलं. पिंपामागे ३ डॉलरच्या आसपास असलेलं तेल जानेवारी १९७४ पर्यंत १२ डॉलरच्या जवळ गेलं. अमेरिकेत पंपांवर मैलभर रांगा लागल्या. काही राज्यांत गाडीच्या नंबरावरून सम-विषम तारखांना पेट्रोल मिळायचं. महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा आली. नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीत तर रविवारी गाड्या बंद, लोक हायवेवर सायकली चालवत होते. आपल्याकडे पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले, तेही याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

त्या वेळी युरोप आणि जपान काय करत होते? पेट्रोलवर आधीच भरपूर कर होता, तो त्यांनी तसाच ठेवला किंवा वाढवला. अमेरिकेला हे राजकीयदृष्ट्या जमणारं नव्हतं. तिथे घर एकीकडे, ऑफिस तीस मैल दुसरीकडे. पेट्रोल महाग करणारा निवडून येत नाही. मग त्यांनी भाव सोडला आणि गाडी धरली. डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी कायद्यावर सही केली : प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या कार्सचं सरासरी ॲव्हरेज १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल झालं पाहिजे. आपल्या भाषेत लिटरला साडेसात ते पावणेबारा.

कायदा लागू पडला. प्रत्यक्ष रस्त्यावरचे आकडे, छोटे ट्रक धरून, असे आहेत : १९७५ मध्ये नव्या गाड्यांची सरासरी लिटरला साधारण ५.६ किलोमीटर होती, ती १९८७ मध्ये ९.४ झाली. बारा वर्षांत एवढी झेप! होंडाच्या 'सिव्हिक'सारख्या जपानी गाड्यांनी याच काळात अमेरिकेत पाय रोवले.

आणि नंतर? २००४ मध्ये हाच आकडा ८.२ वर घसरला. संगणक आले, इंजिनं सुधारली, तरी सतरा वर्षं उलटा प्रवास. कारण कायद्यात एक वेगळा कप्पा होता, 'लाइट ट्रक'. शेतकरी आणि कारागीर पिकअप वापरतात, त्यांच्यावर बोजा नको, म्हणून त्यांना सवलतीचं वेगळं लक्ष्य. १९९६ ते २००४ या काळात ते गॅलनला २०.७ मैलांवरच अडकलं होतं, म्हणजे लिटरला पावणेनऊ. कंपन्यांच्या लक्षात आलं की उंच, दणकट, कुटुंबाला नेणारी गाडी जर कायद्याच्या व्याख्येत 'ट्रक' ठरली, तर तिला हीच सवलत मिळते. 'जीप चेरोकी', 'फोर्ड एक्सप्लोरर' या गाड्या अशाच. तेल १९८६ मध्ये कोसळलेलं, कर तर हलतच नव्हता. अमेरिकन माणूस आनंदाने ट्रकमध्ये बसून दूध आणायला निघाला. २०२२ मध्ये सरासरी ११ किलोमीटरवर आली. पण आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या एसयूव्हीचं खानदान त्या कप्प्यातलं आहे.

आपली चार मीटरची पट्टी

आपणही मागे नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के केलं. छोटी म्हणजे काय? लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत. पुढचं तुम्ही पाहिलेलंच आहे. २००८ ची 'स्विफ्ट डिझायर' ४.१६ मीटर लांब होती. २०१२ मध्ये नवीन आली तेव्हा डिकी मागून छाटलेली, लांबी ३.९९५ मीटर. पाच मिलिमीटर राखून! डिकी आखूड का, याचं उत्तर अर्थसंकल्पात होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के लागले, आणि पट्टी तीच, चार मीटरची.

डिझेलचंही तसंच. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव मोकळे केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होतं. ट्रक आणि शेतीच्या पंपांसाठी ठेवलेलं स्वस्त डिझेल मोठ्या गाड्यांच्या टाक्यांत जाऊ लागलं, कारण डिझेल गाडी परवडायची त्यालाच, ज्याच्याकडे लाखभर रुपये जास्त होते. सवलत एकासाठी, उचलली दुसऱ्याने. अमेरिकेच्या पिकअपची गोष्ट आठवतेय ना?

मग भरतं कोण?

आता मी ज्या गोष्टीसाठी हा भाग केला तिथे येतो.

२० एप्रिल २०२० ला अमेरिकेतल्या तेलाचा वायदा भाव शून्याच्या खाली गेला, उणे ३७ डॉलर. आपण घेतो त्या तेलाशी मिळताजुळता ब्रेंटचा भावही वीस डॉलरच्या खाली उतरला. आपल्याला पंपावर काय मिळालं? ५ मे च्या रात्री केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. पेट्रोलवरचा केंद्राचा एकूण कर झाला ३२ रुपये ९८ पैसे. तेल उतरल्याचा फायदा टाकीपर्यंत आलाच नाही. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलने शंभरी गाठली.

सरकारची बाजू मला कळते. लॉकडाऊनमध्ये बाकीचा महसूल आटला होता. आणि पेट्रोलवर कर असूच नये असं माझं म्हणणं नाही. जर्मनीतही तो भरपूर आहे. पण भाव भडकल्यावर २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने ९ युरोचा पास काढला. महिनाभर देशभरच्या लोकल गाड्या, बस, ट्राम, सगळ्यांत चालणारा. पेट्रोल महाग असेल तर माणसाकडे दुसरा रस्ता असला पाहिजे. आमच्याकडे रात्री आठनंतर तालुक्याहून गावाला एसटी नसते. तिथे दुसरा रस्ता म्हणजे पायी जाणं.

पेट्रोलियम मंत्रालयासाठी २०१३-१४ मध्ये नील्सनने केलेल्या पाहणीत दिसलं की देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी ६१ टक्के दुचाकींमध्ये जातं. कार्समध्ये जातं जेमतेम ३४ टक्के. म्हणजे पेट्रोलवरचा कर हा 'गाडीवाल्यांवरचा' कर नाही. तो दूधवाल्यावर, डिलिव्हरीच्या पोरावर, शाळेत जाणाऱ्या शिक्षकावर आहे.

आणि म्हणून त्या जून २०२२ चा हिशोब मी शेवटी पगारात केला. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून तेवढंच. विक्रमी भावातही एका तासाच्या मजुरीत साडेपाच लिटर पेट्रोल येतं. महाराष्ट्रात त्या वर्षी रोजगार हमीची दिवसाची मजुरी होती २५६ रुपये. मुंबईच्या भावाने त्यात आलं २.३ लिटर. पूर्ण दिवस उन्हात खोदकाम करून.

मी हे ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग भावाने लिहिलं, "तुमच्या गाड्या ॲव्हरेज चांगलं देतात म्हणून मी कौतुक करत होतो." बरोबरच आहे. आपल्या बाइक पन्नास-साठचं ॲव्हरेज देतात, इतकं अमेरिकेतली कोणतीही पेट्रोल कार देत नाही. फक्त ती हौस नाही. परवडत नाही म्हणून ते आहे.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मारुतीच्या डॅशबोर्डमध्ये त्यांची एक छोटी डायरी असायची. टाकी फुल केली की तारीख, लिटर, रुपये आणि किलोमीटर. या भागासाठी मी ती पूर्ण एक्सेलमध्ये चढवली. तेरा वर्षांत गाडीचं ॲव्हरेज सोळा-सतराच्या बाहेर गेलं नाही. बाबांनी टायरमधली हवा, प्लग, क्लच, सगळं वेळच्या वेळी केलं होतं. भाव मात्र पन्नासच्या आतून नव्वदीला गेला, आणि किलोमीटरचा खर्च तीन रुपयांवरून साडेपाचवर. शेवटच्या दोन वर्षांत नोंदी महिन्याला एकच दिसतात. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मग काय, मोटारसायकलवरच जायचो की. तुझी आई म्हणायची पावसात नको जाऊ."

तर मंडळी, तुम्हीही टाकी ते टाकी हिशोब ठेवून बघा, आणि एकदा तो १०० किलोमीटरला किती लिटर असा उलटा मांडून बघा. तुमचे आकडे मला पाठवा, गावाच्या नावासकट. पुढच्या भागात ब्राझीलला जाऊ. १९७३ च्या त्याच धक्क्यानंतर त्यांनी उसाच्या मळीकडे मोर्चा वळवला होता, आणि ती गोष्ट आपल्या साखर कारखान्यांपर्यंत येते.

भेटूया. गाडी सावकाश चालवा, ॲव्हरेज वाढतं.